चीज बोर्ड मांडायचाय? मग आधी चीज फ्रिजबाहेर काढा

पहिल्यांदा घरी चीज बोर्ड, म्हणजे एका पाटावर वेगवेगळी चीज मांडून ठेवतात तो, मांडला तेव्हा मी सात प्रकार आणले होते, त्यातले चार इम्पोर्टेड, किती पैसे गेले ते विचारू नका, आणि बेल वाजली तशी फ्रिज उघडून सगळं थेट टेबलावर. लोकांनी एकेक तुकडा खाल्ला, "छान आहे हं" म्हणाले आणि शेजारच्या बाकरवडीवर तुटून पडले. रात्री सगळे गेल्यावर आवरता आवरता मी गौडाचा उरलेला एक काप सहज तोंडात टाकला आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. तूप कढवल्यावर तळाशी बेरी राहते ना, तिच्यात साखर घालून खातो, अगदी ती चव. संध्याकाळी आठला जे खडूसारखं लागत होतं तेच चीज साडेअकराला असं लागलं, फरक एवढाच की मधले साडेतीन तास ते बाहेर होतं.

माझं इंटिरिअरचं छोटं काम आहे पुण्यात, त्यामुळे मित्रमंडळींबरोबर क्लायंटलाही घरी बोलवावं लागतं, दिवाळीला काहीतरी पाठवावं लागतं, आणि गेली काही वर्षं मी सुक्या मेव्याच्या डब्याऐवजी चीज पाठवते. बऱ्याच चुका झाल्यात. त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

तीनच आणा

सहा-आठ लोकांना तीन प्रकार भरपूर झाले. सात आणले की कोणालाच एकही लक्षात राहत नाही. जेवणाआधी थोडं थोडं खायचं असेल तर माणशी सगळं मिळून ८० ते १०० ग्रॅम धरा, बोर्ड हेच जेवण असेल तर १५०. म्हणजे आठ जणांना साधारण पाऊण किलो, तीन प्रकारांत वाटून पाव पाव किलो.

तीन कुठले? एक मऊ, पांढऱ्या सालीचं, म्हणजे ब्री किंवा कॅमेम्बर्टच्या घराण्यातलं. एक कडक आणि मुरलेलं, गौडा, चेडर असं काहीतरी. आणि तिसरं ज्याच्यावर गप्पा होतील असं. ब्लू चीज, म्हणजे आत निळी बुरशी असलेलं, आणायचं तर या तिसऱ्या जागी आणा, पण ज्यांनी कधीच खाल्लं नाही अशा आठ जणांसमोर पाव किलो ब्लू ठेवू नका, पन्नास ग्रॅम पुरतं, ज्याला आवडेल तो नंतर स्वतःहून विचारतो.

आता इथलंच इतकं चांगलं मिळतं की इम्पोर्टेडच्या मागे लागायची गरज नाही. मुंबईच्या स्पॉटेड काऊचं बॉम्ब्री आणि कॅमेम्बे (नावं बघा, काय मस्त ठेवलीत) या पांढऱ्या सालीच्या जागेला फिट बसतात. पुण्यात एबीसी फार्म्सनी, कोणाला आर्टिसनल, म्हणजे हाताने केलेलं, हा शब्दही माहीत नव्हता तेव्हापासून, कितीतरी प्रकार केलेत. ऑरोव्हिलचं ला फर्म आहे, कोडाईकनालचं चीज आहे. आणि गप्पांच्या जागेसाठी माझा ठरलेला पत्ता म्हणजे ब्रूनोस्ट. मूळचं नॉर्वेचं, चॉकलेटी रंगाचं, चीज करताना जे पाणी निघतं, म्हणजे व्हे, ते दूध-साय घालून तासन् तास आटवत राहायचं, आतली दुधाची साखर भाजल्यासारखी होईपर्यंत. मुंबईच्या एलेफ्थेरियाच्या ब्रूनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये सिल्व्हर मिळालं होतं, स्पेनमध्ये. सासूबाई माहेरच्या साताऱ्याच्या, त्यांनी पहिला काप खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं हा तर कंदी पेढा, फक्त मीठ पडलंय." याच्यापेक्षा चांगलं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही आणि तेव्हापासून सगळ्यांना मी तेच सांगते.

आपल्याकडची जुनी चीजही विसरू नका. कोलकात्याहून कोणी येत असेल तर बँडेल मागवा, छोट्या चकत्या असतात, धुरी दिलेली आणि भयंकर खारट, पाण्यात भिजवून मगच खायची. पारशी मैत्रीण असेल तर टोपली पनीर, टोपलीची नक्षी उमटलेलं आणि आपल्याच पाण्यात तरंगणारं. जम्मूची कलाडी मिळाली तर ती बोर्डावर नको, तव्यावर टाका, स्वतःच्याच तुपात खरपूस होते.

कोणीतरी विचारणारच की अमूलचा क्यूब काय वाईट आहे. काहीच नाही, सँडविचला मी तोच वापरते. पण तो प्रोसेस्ड, म्हणजे तयार चीज वितळवून त्यात इमल्सिफायर घालून परत घट्ट केलेलं, त्यामुळे ते मुरत नाही, दर वेळी तसंच लागतं, आणि त्याचं कामच ते आहे. हाताने केलेलं चीज आज वेगळं आणि पंधरा दिवसांनी वेगळं. आणि महाग का, तर एक किलो कडक चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. पुण्यातला दुधाचा भाव लावून बघा, नुसत्या दुधाचेच किती झाले, मग पुढे कित्येक महिने ते थंड खोलीत ठेवून रोज उलटायचं-पुसायचं ते वेगळंच.

कोण येणारे ते आधी बघा

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर तोंडघशी पडतात, मीही पडलेय. चीजसाठी दूध फाडायला रेनेट लागतं आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात. इटलीचं अस्सल पार्मिजानो रेजियानो वासराच्या रेनेटशिवाय करताच येत नाही, त्यांचा नियमच आहे तसा, ग्रुयेरचंही तेच. मला हे माहीत नव्हतं आणि मी एका पक्क्या शाकाहारी मैत्रिणीला परदेशातून आणलेलं पार्मिजानो प्रेमाने वाढलं, तिने मिटक्या मारत खाल्लं, आणि आठवड्याने कुठेतरी वाचून मला फोन केला. तो फोन मी विसरणार नाही.

आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये मायक्रोबियल रेनेट असतं, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून काढलेलं, ते शाकाहारी. तरी पाकिटावर 'मायक्रोबियल' शब्द शोधा आणि सापडला नाही तर विक्रेत्याला सरळ विचारा, छोट्या चीजवाल्यांना असे प्रश्न आवडतात. परदेशातून कोणी बॅगेत घालून आणलेलं असेल तर शाकाहारी माणसासमोर ते ठेवूच नका.

जैन क्लायंट असतील तर रेनेटपाशी गोष्ट संपत नाही. गार्लिक, चाइव्हज (कांद्याच्या पातीसारखी पात) घातलेले प्रकार बाद. काही घरांत बुरशीवर मुरवलेलं काहीच चालत नाही, म्हणजे ब्री आणि ब्लू दोन्ही गेले. इथे अंदाज बांधू नका, "तुमच्याकडे चीज चालतं का, कुठलं?" असा साधा मेसेज टाका. मार्केट यार्डातल्या माझ्या एका शेठनी "बेन, आपण पेढेच पाठवा" असं कळवलं, मी पेढे पाठवले, काम अजून चालू आहे.

कोणी गरोदर असेल तर ब्री, कॅमेम्बर्टसारखी मऊ सालीची आणि ब्लू त्यांना देऊ नका, लिस्टेरिया नावाच्या जंतूचा धोका असतो, कडक मुरलेलं चालतं. आणि "मला दूध पचत नाही" म्हणणाऱ्यांना चांगली बातमी द्या, जुन्या कडक चीजमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधाची साखर, जवळजवळ उरतच नाही, बरंचसं व्हेबरोबर निघून जातं आणि राहिलेलं जिवाणू खाऊन टाकतात. दुधाची अ‍ॅलर्जी मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे कुठलंच नको.

आणल्यापासून मांडेपर्यंत

आणल्या आणल्या प्लास्टिक काढा. चीज श्वास घेतं असं चीजवाले म्हणतात, क्लिंग फिल्ममध्ये गच्च गुंडाळलं की त्याला घाम सुटतो आणि चव प्लास्टिकची लागते. बटर पेपरमध्ये सैलसर गुंडाळा, वरून एखादा डबा, आणि फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, तिथे थंडी जरा कमी आणि ओल जास्त असते. ब्लूचा डबा वेगळा, नाहीतर तिची बुरशी शेजारणीला भेटायला जाते. आणि चीज वास ओढतं हे लक्षात ठेवा. एका मे महिन्यात आमच्याकडे कोकणातून बरका फणस आला होता, गरे फ्रिजमध्ये, आणि त्याच कप्प्यात माझं ब्री. पुढे काय झालं सांगायला नकोच.

ब्री-कॅमेम्बर्ट खायला तयार आहे का ते अंगठ्याने कळतं. मधोमध हलकं दाबा. खोबऱ्याच्या वडीसारखं घट्ट लागलं तर अजून आठवडाभर थांबा, पिकलेल्या हापूससारखं दबलं तर आजच खा, आणि उघडल्यावर नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा, थोडा असेल तर उडून जातो, नाही गेला तर ते गेलेलं आहे, हळहळू नका.

आता मुख्य मुद्दा. थंड चीजमधलं फॅट थिजलेलं असतं, त्यामुळे त्यातला वास सुटतच नाही, आणि चव म्हणजे निम्मा वास. परदेशी लेखात लिहिलेलं असतं की तासभर आधी बाहेर काढा. तो तास त्यांच्या खोलीतला, आपल्या नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री तास ठीक आहे, एप्रिल-मेमध्ये पंचवीस मिनिटंही खूप झाली, मुंबईत एसी नसेल तर वीसच. कडक चीज आधी काढा, मऊ नंतर, ताजं चीज म्हणजे बुराटा वगैरे अगदी शेवटी. काढताना कागदासकट काढा म्हणजे वरून सुकत नाही. आणि एकदा मांडल्यावर दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, खोलीच ३२ डिग्रीच्या वर असेल तर तासाभरात परत फ्रिजमध्ये.

कापायचं कसं

सगळं आधी कापून चौकोनी तुकडे करून ठेवू नका, सुकतं आणि लग्नातल्या काउंटरसारखं दिसतं. प्रत्येकाचे दोन-तीन काप करून ठेवा म्हणजे पाहुण्यांना धीर येतो, बाकी अख्खंच राहू दे, अख्ख्या चीजवर सुरी चालवायला लोकांना मजा येते.

गोल ब्री केकसारखं कापा, मधून बाहेर. त्रिकोणी तुकडा आणला असेल तर टोक छाटू नका, कारण मधला भाग सगळ्यांनाच हवा असतो, तो एकट्याने पळवणं हे श्रीखंडातलं केशर वेचून खाण्यासारखं झालं. लांबीत कापा म्हणजे प्रत्येकाला थोडं मधलं, थोडी साल. पांढरी साल खायची असते, ती चीजचीच बुरशी आहे, नको वाटली तर बाजूला ठेवा. गौडावरचं लाल-पिवळं मेण मात्र खायचं नाही, हे आधी सांगा, आमच्याकडे एका काकांनी चघळत चघळत पूर्ण संपवलं होतं आणि वर "जरा चिवट आहे" म्हणाले.

बकरीच्या दुधाचं मऊ चीज सुरीला चिकटतं, त्याला धुतलेला पांढरा दोरा वापरा, खालून सरकवून दोन टोकं वर ओढायची, सुरेख चकती पडते. जुनं कडक चीज कापूच नका, सुरीचं टोक खुपसून तोडा, ढेकळं पडू देत. त्यात दाताखाली करकरीत कण लागतात ते मीठ नसतं, चीज मुरताना प्रथिनं सुटी होऊन त्यांचे स्फटिक होतात. जेवढे कण तेवढं चीज जुनं.

प्रत्येक चीजला वेगळी सुरी. हे एकच सोवळं मी पाळते.

खायचं कसं, आणि काय बोलायचं

सौम्यापासून तीव्राकडे जा, आधी ताजं, मग मऊ सालीचं, मग कडक, शेवटी ब्लू. ब्रूनोस्ट गोडसर असतं म्हणून मी ते सगळ्यात शेवटी, कॉफीबरोबर. तुकडा बोटांनी थोडा दाबा, वास घ्या, मग तोंडात ठेवून लगेच चावू नका, जिभेवर जरा विरघळू द्या.

चवीला शब्द इंग्रजीत शोधत बसलं की माणूस गप्प होतो, हे मी खूपदा पाहिलंय. नटी, अर्दी असे शब्द कोणी काढले की टेबलावरचे निम्मे लोक फोन बघायला लागतात. त्याऐवजी विचारा, हे कशासारखं लागतंय? मग बघा, पिकलेल्या कॅमेम्बर्टला कोणी पावसाळ्यातली अळंबी म्हणेल, ताज्या गोट चीजला चक्का, चेडरला कोणी म्हणालं भिजवलेल्या शेंगदाण्यासारखं आणि त्यावर दहा मिनिटं वाद. क्लायंट असतील तर हे जास्तच उपयोगी पडतं, कारण एखाद्याला चीजमधलं काही कळत नसलं तरी घरच्या चवी प्रत्येकाला कळतात आणि त्याला आपण परीक्षेला बसलोय असं वाटत नाही. तुम्ही माहितीचं पारायण मात्र लावू नका. एका चीजला एक वाक्य, बास.

बरोबर काय ठेवायचं? विकतचे मसालेदार क्रॅकर नकोत, ते चीजला गिळून टाकतात. साधा खाकरा, सावरडो ब्रेड किंवा कडक भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, ज्वारीची भाकरी आणि जुनं गौडा ही जोडी कोणाला सांगितली तर हसतात, खाल्ल्यावर हसत नाहीत. गोडाला पुरंदरचे अंजीर सीझनमध्ये असतील तर दुसरं काही बघूच नका, नाहीतर सांगलीचे बेदाणे, नाशिकची द्राक्षं, महाबळेश्वरचा मध. ब्रीवर साखरांबा घाला. ब्लूवर मध किंवा मोरावळ्याचा पाक, खारट-गोड असं जमून येतं की ब्लू न आवडणारेही दुसरा तुकडा उचलतात. लोणची, ठेचा मात्र त्या दिवशी कपाटात.

वाइनचं म्हणाल तर रेडपेक्षा व्हाइट सोपी, रेडचा तुरटपणा मऊ चीजशी भांडतो. नाशिकची शेनँ ब्लाँ बहुतेक सगळ्यांशी जुळवून घेते आणि ब्लूबरोबर गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन. न पिणाऱ्यांसाठी बर्फाचं कोल्ड्रिंक ठेवू नका, थंड घोटाने तोंडातलं फॅट परत थिजतं. बिनदुधाचा गरम चहा खरंच छान जातो. कोकम सरबतही चालतं, जिरं-मीठ कमी घाला आणि बर्फ टाळा.

क्लायंटला पाठवताना

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया घालवलेत मी. पहिल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी दुपारी एका ऑफिसला बॉक्स पाठवला, आत तीन सुंदर चीज, हाताने लिहिलेलं कार्ड. ऑफिस लवकर सुटलं होतं. बॉक्स सिक्युरिटी केबिनमध्ये पंख्याखाली थेट सोमवारपर्यंत. सोमवारी मला जो फोन आला त्यात आभार नव्हते, "मॅडम, आत काही मेलंय का?" असा प्रश्न होता.

तर, सोमवार ते बुधवारच पाठवायचं. दिवाळीच्या आठवड्यात नाहीच, आठ-दहा दिवस आधी, तेव्हा ऑफिसही चालू असतं आणि लाडू-चिवड्याच्या ढिगात तुमचं चीज हरवतही नाही. घेणाऱ्या माणसाला सकाळी फोन करून सांगायचं की खाण्याची वस्तू येतेय, फ्रिजमध्ये ठेवा. शहरातल्या शहरात असेल तर कुरिअरपेक्षा आपला माणूस पाठवा. थर्मोकोलचा डबा, गोठवलेले जेल पॅक, पण जेल पॅक चीजला थेट चिकटू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी.

गावाबाहेर पाठवायचं तर कडक आणि मेण लावलेलंच. बुराटा तर चुकूनही नाही, जेमतेम चार-पाच दिवसांची वस्तू ती, पोचेपर्यंत निम्मं आयुष्य संपलेलं. एकाच चीजचा चांगला ३०० ग्रॅमचा तुकडा तीन छोट्यांपेक्षा बरा प्रवास करतो आणि हातात घेतल्यावर वजनदारही वाटतो. सोबत मधाची छोटी बाटली किंवा बेदाणे.

कार्डावर शुभेच्छा दोन ओळींत आटपा आणि खाली कामाचं लिहा: शाकाहारी रेनेट आहे, भाजीच्या कप्प्यात ठेवा, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, अमुक तारखेपर्यंत संपवा, साल खायची की नाही. शेवटचं नक्की लिहा, कारण एका घरी सगळी पांढरी साल "खराब झालंय" म्हणून खरवडून टाकली होती.

दोन रुक्ष गोष्टी. मोठ्या कंपन्यांत आणि सरकारी ठिकाणी गिफ्ट घेण्यावर बंधनं असतात, आधी विचारा, समोरच्याला अडचणीत आणू नका. आणि गिफ्ट म्हणून दिलेल्या वस्तूवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, तेव्हा ते हिशोबात धरून बसू नका.

उरलं तर

उरणारच. कडक चीजवर दोन-चार दिवसांनी बुरशीचा ठिपका दिसला तर चांगलं इंचभर खोल आणि आजूबाजूचं कापून टाका, बाकी चालतं. मऊ चीजवर परकी, म्हणजे हिरवी-काळी बुरशी आली तर सगळंच टाका. गौडाच्या शेवटच्या तुकड्यांना आमच्याकडे एकच वाट आहे. थालीपीठ तव्यावर उलटलं की वरच्या भोकांत किसून टाकायचं, झाकण, गॅस बारीक. भोकातलं चीज तव्याला लागून खालून कुरकुरीत होतं, आणि त्या चार कुरकुरीत टिकल्यांसाठी आमच्या घरात अजूनही भांडणं होतात.